ठुशीतला ठ

ओझरला राहणाऱ्याला अर्ध्या वाक्यावर थांबायची सवय असते. डोक्यावरून विमान गेलं की बोलणारा थांबतो, ऐकणारा थांबतो, भाजीवाली तराजू धरून तशीच उभी राहते. आवाज विरला की ज्याने त्याने आपलं वाक्य जिथं ठेवलं होतं तिथून उचलायचं. एका लग्नात मंगलाष्टकातलं ‘सावधान’ असं ताटकळलेलं मी पाहिलं आहे. भटजींनी हात वर करून ठेवला होता आणि अक्षता मुठींत घामेजत होत्या. बाहेरगावचा पाहुणा तेवढा विमानाच्या वर आवाज काढायला जातो. त्याच्या गळ्याच्या शिरा फुगतात, आम्हाला ऐकू काहीच येत नाही, आणि आम्ही मान डोलावतो.

२७ जून २०१८ च्या सकाळी चाचणीसाठी उडालेलं सुखोई पिंपळगाव बसवंतजवळ शेतात कोसळलं. दोन्ही वैमानिक पॅराशूटने सुखरूप उतरले, हे पुढच्या काही मिनिटांत कळलं आणि जिवात जीव आला. ओझरमध्ये विमान पडल्याची बातमी ही घरातली बातमी असते. प्रत्येक आळीत कुणी ना कुणी इथल्या विमानांच्या कारखान्यात खिळे ठोकून, तारा ओढून निवृत्त झालेला असतो. आम्ही टीव्हीपुढे बसलो. ठिकाण होतं वावी ठुशी, तालुका निफाड. आणि एका वाहिनीवरची निवेदिका, चेहऱ्यावर योग्य ते गांभीर्य ठेवून, सांगत होती, ‘वावी थुशी’.

“थुशी काय थुशी!” स्वयंपाकघरातून बायको म्हणाली. “गळ्यात घालतात ती ठुशी म्हणावं तिला.”

गावाच्या नावाचा दागिन्याशी संबंध असो नसो, ठ तोच. सोन्याचे बारीक मणी ठासून बसवलेली, गळ्याशी घट्ट बिलगणारी ठुशी. त्या शब्दातला ठ जरा सैल केला की मणी ओघळून पडतील असं वाटतं.

तेवढ्यात माझ्या भाचीचा फोन आला. ती मुंबईत दुसऱ्या एका वाहिनीवर बातम्या देते. “मामा, पटकन सांगा. टी, एच, यू, एस, एच, आय. काय वाचू?”

“ठुशी. तुझ्या आजीची होती ना, ती.”

“अय्या, आजीची ठुशी!” म्हणाली आणि फोन ठेवला.

मला नवल याचं वाटलं की हा शब्द तिच्या बालपणातला होता. आजीच्या मांडीवर बसून तिने ती ठुशी हातांनी चाचपलेली. तरी रोमन लिपीतली सहा अक्षरं समोर आली आणि ओळखीचा शब्द अनोळखी होऊन बसला. दहा मिनिटांनी ती पडद्यावर आली, ‘वावी ठुशी’ म्हणाली आणि पुढच्या वाक्यावर गेली. कुणाच्या लक्षातही आलं नसेल, कारण नीट उच्चारलेलं नाव खटकत नाही, आणि खटकत नाही ते कुणी लक्षात ठेवत नाही. त्या दिवसापासून मी तिचा बिनपगारी उच्चार-सल्लागार झालो. शाळेत पस्तीस वर्षं मराठी शिकवून जे मानाचं पद मिळालं नाही ते घरबसल्या मिळालं.

आता गावाचं नाव प्रवास कसा करतं पाहा. ते निघतं बांधावरून, कुणाच्या तरी तोंडातून. वार्ताहर ते ऐकतो. इंग्रजी वृत्तसंस्थेच्या बातमीत जाताना त्याला रोमन कपडे चढवतात, आणि त्या शिंप्याकडे मापं थोडी. ठ आणि थ एकाच मापात, ड आणि द एकाच मापात, ण आणि न, ळ आणि ल तसेच. मग ते मुंबईच्या नाही तर दिल्लीच्या कचेरीत उतरतं, तिथं घाईत असलेलं कुणीतरी त्याला पुन्हा देवनागरी नेसवतं, आणि निवेदिकेसमोर काचेवर सरकत येतं. पंधरा किलोमीटरवरून आलेलं नाव असं दोनदा सीमा ओलांडून आमच्या घरात येतं, तेव्हा ओळख पटवायला आधारकार्ड मागावं लागतं.

धुळ्याचं ‘धुले’, जळगावचं ‘जलगाँव’ ऐकून आपण हिंदीला नावं ठेवतो. पण ‘आमची देवनागरी, आम्ही लिहितो तसंच बोलतो’ हा आपला अभिमानही पुरता खरा नाही. माझ्या गावाचंच घ्या. ओझरमधला झ हा झाडाचा झ, जीभ दातांशी नेऊन उच्चारायचा. झील, झिजणे यांतला झ वेगळा, तो टाळूवरचा. लिपीत दोघांना एकच अक्षर. ‘माझा’ म्हणताना आपण एक झ काढतो आणि ‘माझी’ म्हणताना दुसरा, आणि हा बदल आपल्याला कुणी शिकवल्याचं आठवत नाही. मराठी आईच्या पोटी जन्मलेल्याला तो फुकट मिळतो, बाकीच्यांना कुठल्याही अक्षरात सापडत नाही. गंमत अशी की इथं इंग्रजीनेच कधी कधी कान शाबूत ठेवला आहे. ओझर, माझगाव, वझे ही नावं रोमनमध्ये लिहिताना आपण झेड वापरतो, तो या दातांजवळच्या झमुळे. पण हवाई दलाच्या तळाचं नाव जे-एच घालून लिहितात, नागरी वापरात झेड दिसतो, आणि परका माणूस समजतो की ही दोन गावं आहेत.

त्यात ओझरं मुळातच अनेक. “ओझरचे का? म्हणजे गणपतीचं ओझर?” असं प्रवासात दर दुसरा माणूस विचारतो. ते जुन्नरचं, विघ्नहराचं, कुकडीकाठचं. आमचं बाणगंगेकाठचं, खंडेरावाचं. चंपाषष्ठीला इथं भंडारा उधळत बारागाडे ओढतात. पण एवढं सांगत बसायला वेळ नसतो, म्हणून मी म्हणतो, “विमानाचं ओझर.” ते सगळ्यांना कळतं. कोयनेकडे नवजाजवळ ओझर्डे नावाचा धबधबा आहे, तो पाहिला तेव्हा मला आपल्या बोलण्यातलं ‘ओझरतं’ आठवलं होतं. ओझरतं पाहिलं, ओझरतं ऐकलं. बातम्यांतली गावं आपण अशीच ऐकतो.

चुकणाऱ्याला हसणं सोपं असतं. सप्टेंबर २०१४ मध्ये चीनचे अध्यक्ष भारतात आले होते, तेव्हा दूरदर्शनच्या इंग्रजी बातम्यांत एका निवेदिकेने त्यांच्या नावातली रोमन अक्षरं एक्स आणि आय ही रोमन अकरा समजून ‘इलेव्हन जिनपिंग’ वाचलं. देश हसला. तिचं काम गेलं. मीही हसलो होतो, पण भाचीने एकदा त्या खुर्चीचं वर्णन केलं तेव्हापासून हसू जरा आवरलं आहे. डोळ्यांपुढे अक्षरं वर सरकताहेत, कानातल्या यंत्रात कुणी सांगतंय की पुढची बातमी बदलली, समोर दिवे, आणि अनोळखी नाव आलंय हे ते ओठांवर आल्यावरच कळतं. मराठी बातमीत तो अकरा उमटलाच नसता, कारण तिथं ‘शी’ आधीच कुणीतरी लिहून ठेवलेलं असतं. म्हणजे मराठीत उच्चाराचा निकाल लागतो तो उपसंपादकाच्या टेबलावर. निवेदिका तो फक्त जाहीर करते आणि शिव्या मात्र तिला बसतात.

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं. भक्ती बर्वे, स्मिता पाटील यांनी तिथं मराठी बातम्या दिल्या, आणि पुढे प्रदीप भिडे हे तर बातम्यांचंच दुसरं नाव झालं. आमच्याकडे टीव्ही उशिरा आला, त्याआधी रेडिओ. परदेशी पुढाऱ्यांची नावं आम्ही आधी या लोकांच्या तोंडून ऐकली आणि मग छापलेली पाहिली. तेव्हा बातमी ऐकणं हेही एक शिकणं होतं. माझे वर्गातले अर्धे उच्चार रेडिओने दिलेले आहेत.

बीबीसीने १९२६ सालीच बोलक्या इंग्रजीसाठी एक सल्लागार समिती नेमली. राजकवी रॉबर्ट ब्रिजेस तिचे अध्यक्ष, पुढे बर्नार्ड शॉ. ते काम वाढत वाढत उच्चारांचा स्वतंत्र विभागच उभा राहिला, आणि १९७१ मध्ये ब्रिटनमधल्या व्यक्तिनामांचा आणि स्थलनामांचा त्यांचा उच्चारकोश निघाला. त्यात मला आवडली ती त्यांची रीत. खुद्द त्या नावांच्या कुटुंबांना, गावच्या पाद्र्यांना, पोस्टमास्तरांना त्यांनी विचारलं, की तुम्ही काय म्हणता? इंग्लंडात स्पेलिंग आणि उच्चार यांचं भांडण जुनं, म्हणून विचारण्याची सवय लागली. आपलं नडतं ते देवनागरीच्या भरवशामुळे. लिहिलंय तर खरं, मग विचारायचं कशाला?

निफाड तालुक्यासाठी असा कोश करायचा झाला तर मी पाद्र्याकडे जाणार नाही. मी एसटीच्या कंडक्टरकडे जाईन. आयुष्यभर गावांची नावं मोठ्याने म्हणण्याचा पगार घेणारा दुसरा माणूस नाही. आडगाव, दहावा मैल, ओझर, कोकणगाव, पिंपळगाव! मैल जाऊन किलोमीटर आले, रस्ता चारपदरी झाला, त्यावर पूल चढले, पण त्याच्या तोंडी दहावा मैल जागचा हललेला नाही. त्याचा एक उच्चार चुकला तर म्हातारी भलत्याच फाट्यावर उतरेल आणि शिव्या थेट त्याला देईल. निवेदिकेच्या चुकीने कुणी भलत्या फाट्यावर उतरत नाही, म्हणून ती चूक चालून जाते.

चूक चालत नाही असा आणखी एक धंदा आमच्या डोक्यावरच चालतो. वैमानिकांनी हा नावांचा प्रश्न फार वेगळ्या पद्धतीने सोडवला. आमच्या विमानतळाचा आंतरराष्ट्रीय संकेत चार अक्षरांचा आहे, व्हीएओझेड. त्यातली शेवटची दोन ओझरची. ती रेडिओवर सांगायची तर ‘ऑस्कर, झुलू’. १९५६ पासून जगभर हीच वर्णमाला चालते, अल्फा, ब्राव्हो, चार्ली. खरखरीतही एकाचं दुसरं ऐकू येऊ नये म्हणून. आकडेसुद्धा मुद्दाम वाकडे म्हणतात, थ्रीला ‘ट्री’, नाइनला ‘नाइनर’. तिथं शुद्धतेचा आग्रह सोडला आणि माणसं वाचवली. बातमीत तशी सोय नाही. ‘टाटातला ट नव्हे, ठसक्यातला ठ’ असं पडद्यावरून सांगता येत नाही. नाव टाळण्याची युक्ती मात्र आहे. २०१० च्या एप्रिलमध्ये एका ज्वालामुखीच्या राखेने युरोपातली विमानं जमिनीवर बसवली, तेव्हा ते लांबलचक नाव सोडून ‘आइसलँडमधला ज्वालामुखी’ म्हणणारे शहाणे ठरले. ज्वालामुखीला काही वाटलं नाही. पण वावी ठुशीला ‘नाशिकजवळचं एक गाव’ म्हटलं, तर ज्यांच्या शेतात विमान पडलं त्यांच्याकडे उरतं काय?

इथं मला दादांची गोष्ट सांगायला हवी.

१९६२ मध्ये सोव्हिएत रशियाशी मिग विमानांचा करार झाला आणि १९६४ साली ओझरला कारखाना आला. सांगाडा इथं, इंजिन ओडिशात कोरापुटला, इलेक्ट्रॉनिक उपकरणं हैदराबादला, अशी वाटणी. तेव्हा संरक्षणमंत्री यशवंतराव चव्हाण, आणि ते १९६३ मध्ये नाशिकमधूनच बिनविरोध लोकसभेवर गेलेले. माझे वडील खानदेशातून आले आणि कारखान्यात फिटर म्हणून लागले. आम्ही त्यांना दादा म्हणायचो. त्यांचं नाव धोंडू.

त्यांच्या शॉपमध्ये एक रशियन तंत्रज्ञ होता. त्याला ना ध जमे, ना ड. पहिल्या दिवशी त्याने दादांना तीनदा नाव विचारलं, तीनदा त्यांच्या तोंडाकडे बघत म्हणून पाहिलं, आणि शेवटी जे निघालं ते ‘दोंदू’. दादा त्याच्यासाठी कायमचे दोंदू झाले. दादा त्याला म्हणत बरीस. मी तेव्हा सातवी-आठवीत, वाचनालयातली पुस्तकं वाचून शहाणा झालेला. “दादा, बरीस नाही हो. बोरिस. पुस्तकात बोरिस लिहिलंय.” दादा म्हणाले, “असंल. पण तो बरीसच म्हणतो.” मला त्यांची कीव आली. फिटर माणूस, कुठून येणार शुद्ध उच्चार?

फार पुढे, निवृत्तीच्या जवळ, रशियन शिकलेल्या एका प्राध्यापकाशी बोलताना कळलं की रशियनमध्ये आघात नसलेला ओ हा अ-कडे झुकतो, आणि त्या नावात आघात दुसऱ्या अक्षरावर असतो. खरा उच्चार बरीसच्याच जवळचा. सातवी पास दादा कानाने बरोबर होते आणि मी पुस्तकाने चुकलो होतो. हे त्यांना सांगायला हवं होतं. ते तोवर गेले होते.

त्या दिवसापासून मी नावाच्या मोडतोडीचे दोन प्रकार करतो. एक जिभेने केलेली, दुसरी डोळ्यांनी केलेली. ‘दोंदू’ ही जिभेची. त्या माणसाने विचारलं, ऐकलं, खटपट केली आणि जीभ जिथवर पोचली तिथं नाव ठेवून दिलं. दादांना ते नाव आयुष्यभर आवडलं. म्हातारपणी नातवंडांनी ‘दोंदूआबा’ म्हटलं की खूश व्हायचे. ‘थुशी’ ही डोळ्यांची. तिथं कुणी कुणाला विचारलेलं नसतं.

‘मिग’चंही असंच झालं. मिकोयान आणि गुरेविच या दोन अभियंत्यांच्या नावांची आद्याक्षरं, आणि मधला ‘इ’ म्हणजे रशियन ‘आणि’. इतकं कुणाला माहीत असायचं कारण नाही. पण आमच्याकडे म्हातारी बसमध्ये चढून “मिगचं द्या” म्हणते, शेजारच्या साकोऱ्याला लोक साकोरे मिग म्हणतात, आणि मॉस्कोच्या त्या दोघांपैकी कुणालाही आपण निफाड तालुक्यातल्या एका गावाच्या नावात जाऊन बसू असं स्वप्नातही वाटलं नसेल. शब्द इथं राबला, रुजला, त्याचं पाणी बदललं. ही मोडतोड म्हणवत नाही. याला संसार म्हणावं.

माझी ही वाटणी मी एकदा द्राक्षबागेत एका शेतकऱ्याला ऐकवली. तो म्हणाला, “मग सर, आमच्या थॉमसनचं काय?” मी गप्प. थॉमसन द्राक्षाचं इंग्रजी नाव टॉमसन असं म्हणतात; टी-एच पाहून थ करणारे आपले डोळे. पण त्या थॉमसनने इथं घरं बांधली, पोरी उजवल्या, गारपिटीत माणसं रडवली. डोळ्यांनी चुकलेलं नावही बागेत पुरेशी वर्षं काढून जिभेचं होतं. तेव्हा माझी वाटणी काही काळ्या दगडावरची रेघ नव्हे. एवढंच म्हणतो, की थॉमसनने हा हक्क घाम गाळून मिळवला. अडीच सेकंदांच्या ‘थुशी’ने तो मागू नये.

आणि आपण तरी कुठे धुतल्या तांदळाचे? केरळातल्या त्या शहराला मीसुद्धा वर्षानुवर्षं ‘कोझिकोड’ म्हणत आलो. तिथल्या लोकांच्या लिपीत तिथं एक खास अक्षर आहे, जीभ मागे वळवून काढायचं, ज्याला रोमनमध्ये झेड-एच लिहायची पद्धत पडली. त्या अक्षराला आपला ळ बऱ्यापैकी जवळचा. झ त्याच्या वाऱ्यालाही उभा नाही. ळ हरवला म्हणून हिंदीवर रुसणाऱ्या माझ्याजवळ तो ळ होता, आणि मी तो वापरला नाही. इतकंच नव्हे, त्यांच्या नावात मी आमच्या ओझरचा झ नेऊन बसवला. कुणा मलयाळी माणसाच्या स्वयंपाकघरातूनही तेव्हा कुणी ओरडलं असेल. भाचीला मी हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “मग मामा, केरळसाठी मला दुसरा मामा शोधायला हवा.” हसून म्हणाली, पण तिने शोधला. तिच्या फोनमध्ये आता राज्याराज्यांतले मामा-मावश्या आहेत. कुणी नर्स, कुणी बँकेतला, कुणी लष्करातून निवृत्त. बीबीसीचे पोस्टमास्तर तिने आपल्यापुरते नेमले आहेत.

१७ ऑक्टोबर २०२५ ला नाशिकच्या कारखान्यात तयार झालेलं पहिलं तेजस मार्क १ए ओझरच्या धावपट्टीवरून उडालं. संरक्षणमंत्री राजनाथ सिंह आले होते. त्याच्या महिनाभरच आधी, सप्टेंबरात, चंदीगडला मिग-२१ ला हवाई दलाने निरोप दिला होता. दादांच्या हातचं एखादं तरी त्यांत असेल का, असं मी उगाच मनात म्हणून घेतलं. त्या दिवशी भाचीचा फोन आला. विमानतळाला लागून असलेल्या जानोरीचं नाव तिच्या बातमीत होतं. “मामा, जानोरीतला ज जावयाचा की जीवाचा?”

मी तोंड उघडलं आणि तेवढ्यात आकाश फाटलं. खिडक्यांची तावदानं थरथरली, अंगणातली कुत्री उठून बसली. पूर्वी अशा वेळी ती पलीकडून “हॅलो? मामा? हॅलो?” करत ओरडायची. या वेळी फोनमधून काही आलं नाही. बातमीला चार मिनिटं उरली असताना, मुंबईच्या त्या धांदलीत, ती गप्प उभी होती. आवाज दिंडोरीकडे सरकत गेला, पातळ झाला, संपला.

“हं,” ती म्हणाली, “आता सांगा.”